गुळपोळीखालचे अकरा कागद

पोलीस ठाणे, मॉरिसव्हिल, नॉर्थ कॅरोलायना. दिनांक २१ जानेवारी २०२६, बुधवार, दुपारी दोन वाजून दहा मिनिटे.

नाव कृष्णाबाई श्रीराम खटावकर. वय ७२, शाळेच्या दाखल्यावर ७०. धंदा घरकाम. शिक्षण मराठी तिसरी. मूळ राहणार आष्टा, जिल्हा सांगली. हल्ली मुक्काम मुलगा नकुल याच्या घरी, मॉरिसव्हिल.

मी स्वतः ठाण्यात येऊन, कुणी न बोलावता, माझ्या खुशीने सांगते की, माझी सून आसावरी हिने गेल्या गुरुवारी, १५ तारखेला, इथे तक्रार दिली होती की तिच्या गाडीतून कागदांची कापडी पिशवी चोरीला गेली. तशी चोरी झालेली नाही. पिशवी मी उचलली आणि कागद मी वापरले. आसावरीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला वाटलं तेच तिने सांगितलं, ती खोटं बोलली नाही. हे सगळ्यात आधी लिहा असं मी सांगितलं आहे, कारण मी बोलायला लागले की कुठल्या कुठे जाते, असं घरचे म्हणतात.

हा जबाब श्रीरंग महादेव कोंडेकर लिहून घेत आहेत. ते सोलापूरला पोलिसात हेड कॉन्स्टेबल होते आणि त्यांची उमर जबाब लिहिण्यात गेली. आता रिटायर आहेत. आमच्या शेजारच्या दीपाचे ते वडील, तिच्याकडे सहा महिन्यांसाठी आलेत. इथल्या ऑफिसर कॅलोवेबाई म्हणाल्या की तुमच्या भाषेत द्या, फोनवरच्या दुभाषीकडून आम्ही वाचून घेऊ. श्रीरंगरावांनी खिशातून लगेच पेन काढलं. मला ते सारखे म्हणतात, "वहिनी, मुद्द्याचं बोला." मी म्हटलं, मुद्दा कुठला ते मला कसं कळणार, तुम्ही सगळंच लिहा.

आसावरी इथल्या एका विद्यापीठात कामाला आहे. नाव घालू नका म्हणाली. तिथले मोठे डॉक्टर रोगांवर शोध लावतात, त्याला सरकार पैसे देतं आणि त्या पैशांचा कागदोपत्री व्यवहार आसावरी बघते. सरकारची अट अशी की शोधाचं काम करणाऱ्याचा पगार आमच्या पैशातून द्या, पण एका ठरलेल्या मर्यादेपर्यंतच. मर्यादा दरवर्षी सरकारच ठरवतं. मला हे तिने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा समजलं नाही. मग मी विचारलं, म्हणजे पायलीसारखं का? आमच्याकडे ज्वारी मापताना पायली काठोकाठ भरली की वर शीग चढते. सरकार म्हणतं, आम्ही सपाट पायलीचे पैसे देणार, शीग तुम्ही तुमच्या घरची घाला. डॉक्टरचा पगार मर्यादेपेक्षा मोठा असेल तर वरची शीग विद्यापीठाने दुसऱ्या पैशातून द्यायची. सरकारच्या पोत्यातून शीग घेतली तर तो गुन्हा धरतात. आसावरी म्हणाली, आई, आमच्या ऑफिसात हे कुणी इतकं सोपं सांगितलं नाही. त्या दिवशी मला फार बरं वाटलं. हे श्रीरंगराव गाळणार होते, मी गाळू दिलं नाही.

तर मागच्या वर्षी डॉक्टर व्हिटेकर म्हणून जे तिथले सर्वात मोठे आहेत, त्यांच्या पगाराची तीन महिन्यांची शीग चुकून सरकारच्या पैशात गेली होती. चूक कुणाची ते मी सांगत नाही, आसावरीची नव्हती. तिला ती सापडली. तिने ती शीग विद्यापीठाच्या पैशांकडे वळवली, आणि डॉक्टरांकडून व त्यांच्या हाताखालच्या माणसांकडून अकरा कागदांवर सह्या घेतल्या, की कोणी किती वेळ कुठल्या कामाला दिला आणि चूक कधी दुरुस्त झाली. तेव्हा त्यांचं कॉम्प्युटरचं नवं काम चालू होतं, म्हणून सह्या शाईच्या. उद्या, म्हणजे २२ तारखेला सकाळी नऊ वाजता, सरकारचे तपासणारे येणार आहेत. ते कागद नसतील तर असं दिसणार की शीग खाल्ली आणि मागाहून लपवली. आसावरीचा व्हिसा या नोकरीवर आहे. नोकरी गेली की साठ दिवसांत देश सोडायचा.

आता पिशवीचं. मी येताना आष्ट्याहून एकाच दुकानाच्या तीन कापडी पिशव्या आणल्या, साड्या घेतल्या की देतात त्या, खाकी रंगाच्या, लाल अक्षरांच्या. एक आसावरी ऑफिसला नेते. एक भाजीला आहे. एक स्वयंपाकघरात दाराच्या खुंटीला असते, तिच्यात मी पाठकोरे कागद साठवते. एका बाजूने छापलेला आणि मागून कोरा असा कागद मला टाकवत नाही. आमची आन्या, माझी नात, त्यावर चित्रं काढते. इथे घरात वर्तमानपत्र येत नाही, त्यामुळे डबा पुसायला, काही पसरायला मला तेच लागतात. आसावरी ऑफिसातले रद्द कागद मला मुद्दाम आणून देते. सोमवारी, १२ तारखेला संध्याकाळी साडेसहाला ती दुकानातून किराणा घेऊन आली आणि फोनवर बोलत बोलत आत गेली. गाडीतलं सामान मी काढलं. मागच्या सीटवर तीच पिशवी, आत कागद. मला वाटलं, सूनबाईने पाठकोरे आणले. मी ते खुंटीच्या पिशवीत ओतले आणि रिकामी पिशवी घडी करून भाजीच्या पिशवीत घातली. मी आनंदाने ओतले, कारण कागद छान जाड होते.

दुसऱ्या दिवशी भोगी. मी संक्रांतीसाठी चाळीस गुळाच्या पोळ्या केल्या. गुळपोळी तव्यावरून काढली की ताटात एकावर एक ठेवायची नाही, गूळ पाझरून चिकटते. कागदावर वेगवेगळी पसरायची, म्हणजे खुसखुशीत राहते. हे सगळ्यांना माहीत आहे, पण ऑफिसरबाईंना माहीत नव्हतं, त्यांनी दोनदा विचारलं. मी पिशवीतले वरचे अकरा कागद घेतले, कोरी बाजू वर करून पसरले. गार झाल्यावर प्रत्येक डब्यात पोळ्यांच्या खाली तेच कागद घातले, दोन दोन. पाच घरी पाच डबे दिले. अकरावा कागद घालून सहावा छोटा डबा आसावरीबरोबर बुधवारी ऑफिसात पाठवला. इंग्रजी मला वाचता येत नाही. वाचता आलं असतं तरी छापलेली बाजू मी बघितली नसती, कारण तुपाचे हात होते.

गुरुवारी आसावरीने घरी बसून ते कागद लावायचं ठरवलं आणि पिशवी मिळेना. तिला आठवत होतं की पिशवी गाडीत होती. दुकानापाशी मागचं दार उघडं राहिलं असेल असं तिने धरलं. मला कुणी काही सांगितलं नाही. नकुल म्हणाला, आई, टेन्शन घेऊ नकोस, ऑफिसचं काहीतरी आहे. शुक्रवारी ऑफिसने तिला सांगितलं की चौकशी होईपर्यंत घरी थांबा, ऑफिसात कुणाला फोन करू नका. पाच दिवस ती घरी होती. मला वाटलं रजा घेतली आहे. मी रोज तिच्या आवडीचं केलं. ती जेवत होती, पण वाढून घेत नव्हती.

रविवारी तिची ऑफिसातली एक बाई घरी आली होती, चांगली आहे, मायेने आली होती. दोघी जिन्याच्या खालच्या खोलीत बोलत होत्या. इंग्रजीत होतं, पण मागाहून आसावरी नकुलला सांगत होती ते मी ऐकलं. त्या बाईने सुचवलं होतं की सगळ्यांच्या परत सह्या घेऊ आणि जुनी तारीख टाकू, कुणाला कळणार आहे. आसावरी नकुलला म्हणाली, "मी नाही म्हटलं. चूक शोधायला मीच गेले होते ना, आता खोटी तारीख टाकून मीच चूक करू?" मी पोह्यांना चाळणीत पाणी मारत होते. पोह्यांचा लगदा झाला.

काल मंगळवारी सकाळी साडेदहाला दीपा डबा परत द्यायला आली. बरोबर श्रीरंगराव. डब्यात ढोकळा होता. श्रीरंगरावांच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत एक कागद होता, ताटासारखा आडवा धरलेला. पुढचं ते स्वतः लिहायला लाजतात, म्हणून मी सावकाश सांगते. पोळी संपल्यावर त्यांनी कागद उलटा केला, खिडकीपाशी धरला आणि दीपाला म्हणाले की ही सही छापील नाही, शाईची आहे, मूळ कागद असा लोकांच्या घरी फिरतो का? दीपा म्हणाली, बाबा, तुम्ही रिटायर झालात, प्लीज. तरी त्यांनी तो जपून ठेवला, दुसरासुद्धा. माझ्याकडे येऊन म्हणाले, "वहिनी, हे कागद कुणाचे?"

मी म्हटलं, पाठकोरे आहेत. मग दीपाने कागद वाचला, तिचा चेहरा बदलला, आणि ती म्हणाली, "मावशी, आसावरी घरात आहे का? तिला आत्ता बोलवा."

आसावरी खाली आली. तिने कागद बघितला. ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली. मग तिने विचारलं, "आई, किती होते?" मी म्हटलं अकरा. कुठे कुठे गेले? मी घरं मोजून दाखवली. त्यानंतर ती काय म्हणाली ते जबाबाला लागत नाही. मला ती एक शब्दही वाकडा बोलली नाही, एवढं लिहा.

उरलेल्या चार घरी श्रीरंगराव आणि मी चालत गेलो. त्यांनी प्रत्येक घरी वहीत लिहिलं, कागद कुठे आणि कसा मिळाला, घरच्यांची सही घेतली. शुभाच्या घरी दोन्ही कागद फ्रीजवर चुंबकाने लावलेले होते, कारण तिला वाटलं मी पोळीचं प्रमाण मागे लिहून पाठवलं असेल आणि ते पुसट झालं असेल. संजयने पोळ्या कागदासकट फ्रीझरमध्ये टाकल्या होत्या, ते सोडवायला अर्धा तास गेला, श्रीरंगरावांनी कुणाला ओढू दिलं नाही. बाकी दोन घरी कागद डब्यातच होते. कुणीच टाकला नव्हता. लिहिलेला कागद टाकायला आमच्या लोकांचा हात धजत नाही, याबद्दल मी सगळ्यांची आभारी आहे. दुपारी तीनपर्यंत दहा झाले.

अकरावा सर्वात महत्त्वाचा, डॉक्टर व्हिटेकर यांच्या स्वतःच्या सहीचा. तो छोटा डबा आसावरीने त्यांनाच दिला होता. ते त्याच दिवशी परगावी गेले होते, आज सकाळी परत आले. आसावरीला फोन करायची मनाई, म्हणून तिने ऑफिसातल्या तिच्या साहेबांना ईमेल लिहिला आणि साहेब स्वतः डॉक्टरांच्या खोलीत गेले. कागद टेबलाच्या खणात होता, जाड पुस्तकात दाबून ठेवलेला. डॉक्टर म्हणाले की पोळीखाली माझीच सही निघाली तेव्हा मला वाटलं, आसावरी मला आठवण करून देते आहे की हा कागद फार महत्त्वाचा, सांभाळा. त्यांना वाटलं भारतात अशीच पद्धत असेल. त्यांनी तुपाचा डाग टिपून घेतला, आणि पोळी चांगली होती असंही सांगितलं. या डॉक्टरांना मी पाहिलेलं नाही. त्यांचं भलं होवो.

कागद अकराच्या अकरा आहेत. सह्या शाबूत आहेत. डाग तुपाचे आहेत, गाईचं तूप, घरी कढवलेलं. कागद कुणी बदलले नाहीत, कुणी लपवले नाहीत, त्यावर काही लिहिलं नाही. तपासणाऱ्यांना डागाचं कारण लागेल म्हणून आणि माझ्या सुनेवर खोट्या तक्रारीचा ठपका येऊ नये म्हणून मी हा जबाब देत आहे. काही दंड असेल तर मला करावा. हे मी ऑफिसरबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या की चूक झाली, गुन्हा नाही, तक्रार आज बंद होईल आणि तसा कागद आजच देऊ. मग त्यांनी विचारलं की पोळ्या उरल्या आहेत का. पुराव्यासाठी का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, नाही, मला एक खायची आहे. दोन आणल्या होत्या, दोन्ही दिल्या.

या देशात येऊन मला पाच महिने झाले. आल्यावर वाटलं होतं, इथे कुणाला कुणाचं काही नसतं. ऑफिसर कॅलोवेबाई, दीपा, श्रीरंगराव, डॉक्टर, आणि ज्यांनी माझे कागद जपले त्या सगळ्यांचे मी आभार मानते. आसावरीचे आभार मी घरी मानले, तिने ऐकून घेतले नाहीत.

तीन वाजून पंधरा मिनिटांनी, मी बोलत असतानाच, माझ्या शेजारी बसलेल्या आसावरीचा फोन वाजला. ती बाहेर व्हरांड्यात गेली. काचेतून दिसत होती. परत आली ती उभीच राहिली, आणि म्हणाली की साहेबांचा फोन होता, उद्या आठला कामावर ये म्हणाले, कागद घेऊन तूच तपासणाऱ्यांसमोर बस, ही चूक शोधली कोणी ते त्यांना तूच सांग. ऑफिसरबाईंना मराठी येत नाही, तरी त्या हसल्या. श्रीरंगरावांनी पेन खाली ठेवलं, चष्मा पुसला आणि मला म्हणाले, "वहिनी, आता पुरे." म्हणून मी इथे थांबते.

वरचा मजकूर श्रीरंगरावांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. फोनवरच्या दुभाषी बाई नागपूरच्या निघाल्या, त्यांनी तो ऑफिसर कॅलोवेबाईंना इंग्रजीत ऐकवला. श्रीरंगरावांनी तीन ठिकाणी गाळलं होतं, ते मी परत घालून घेतलं. आता तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे आणि खरा आहे. अंगठा चालेल म्हणाले, पण मला सही येते. खाली सही केली आहे, शाईची.

कृष्णाबाई श्रीराम खटावकर

लिहून घेणार: श्री. म. कोंडेकर, निवृत्त हेड कॉन्स्टेबल, सोलापूर.
समक्ष: ऑफिसर कॅलोवे. वेळ दुपारी तीन वाजून पन्नास मिनिटे.