वसंताच्या जीपचा शाफ्ट

मंडळी, हा माईक जरा लांब धरतो. पेपर मिलमध्ये फिटर म्हणून सगळी नोकरी काढली मी. मशीनच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय लागली, ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. ओरडतोय असं वाटलं तर सांभाळून घ्या. आणि मध्येच आवाज बसला तरी सांभाळून घ्या. आज माझा मला भरवसा नाही.

तुम्ही सगळे इतक्या लांबून बऱ्हाणपूरला आलात. खकनारकडून आलात, तापीकाठच्या गावांतून आलात, केळीची कापणी सोडून आलात. वसंता असता तर दारात उभा राहून एकेकाला विचारत बसला असता, चहा झाला का, उन्हात का आलात. सुमनवहिनी, तुमच्याकडे बघत मला बोलता येणार नाही. मी समोरच्या भिंतीकडे बघून बोलतो. राग मानू नका.

माझ्या आधी जे बोलले त्यांनी वसंताला शांत म्हटलं. मितभाषी म्हटलं. कोण? आपला वसंता? मंडळी, माणूस गेला म्हणून त्याचा दुसराच माणूस करू नका. राजपुऱ्यातल्या माझ्या शेडमध्ये स्टुलावर बसून ज्यानं वर्षानुवर्षं माझं डोकं खाल्लं, तो मितभाषी? बडबड्या होता तो. हट्टी होता. कुणाची अडचण दिसली की मागचापुढचा विचार न करता धावत सुटायचा. मला तो तसाच हवा होता. अजूनही तसाच हवा आहे.

तो केळी पिकवणारा, मी फिटर. आमची गाठ पडली ती त्या जीपमुळे. लष्करातून बाद झालेली, त्याच्या वडिलांनी लिलावात घेतलेली ती जुनी फोर व्हील जीप तुम्ही कोणी पाहिली नाही असं होणार नाही. इथल्या कितीतरी जणांची वरात तिच्यातून निघाली. कितीतरी जणांच्या घरचं आजारी माणूस तिच्यातूनच दवाखान्यात पोचलं. नव्या गाड्या जिथे रुसायच्या तिथे ती जायची.

आता मी जे सांगणार आहे ते शोकसभेत कोणी सांगत नाही. पण कारण आहे, म्हणून ऐका.

जीपच्या इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेतो तो प्रोपेलर शाफ्ट. गाडीच्या पोटाखालून जाणारी लांब नळी. तिच्या दोन्ही टोकांना जॉइंट, आणि जॉइंटात क्रॉस, म्हणजे अधिकच्या खुणेसारखा लोखंडी तुकडा. रस्ता खालीवर झाला की शाफ्टला वाकून फिरावं लागतं, आणि तो क्रॉस आहे म्हणून त्याला तसं फिरता येतं. क्रॉसला वेळच्या वेळी ग्रीस दिलं की तो तक्रार करत नाही. नाही दिलं की आधी चिमणीसारखा चिवचिवतो. मग गिअर टाकताना खट् करतो. तरीही कोणी लक्ष दिलं नाही तर भर रस्त्यात हात टेकतो. इतकंच आहे, यात मोठी विद्या नाही.

मग हे आज कशाला? सांगतो.

दशक्रियेच्या दिवशी घाटावर माझ्या कानावर एक वाक्य आलं. "पोरानं शाफ्ट नीट बसवला असता तर बाप वाचला असता." कोण बोललं ते मी सांगणार नाही. पण एकच तोंड नव्हतं. आणि ते वाक्य हर्षलच्याही कानावर गेलं. ज्याच्याबद्दल बोलणं चाललं होतं, त्या वसंताच्या मुलाच्या कानावर गेलं.

तेव्हापासून तो पान्याला हात लावत नाही. ताटावर बसतो आणि घास न घेता उठतो. त्याची बायको रडते, वहिनी रडतात, तो रडतही नाही. आज बापाची शोकसभा आहे आणि लेक कुठे आहे? आत नाही. बाहेर, चपलांपाशी उभा आहे.

मी त्याच्या घरी जाऊन आलो. पुन्हा गेलो. तो म्हणाला, "काका, समझाने मत आओ. तुम्ही पप्पांचे दोस्त, तुम्ही असंच बोलणार." त्याच्या घरात बसून मी काही सांगितलं असतं तर ती नुसती समजूत ठरली असती. म्हणून आज इथे सांगतो. जिथे ते वाक्य ऐकणारे बसलेत, तिथेच सांगतो.

तुम्हाला काय माहीत आहे? वसंताची जीप नाल्याच्या वरच्या रस्त्याला झाडाखाली उभी मिळाली. तो सीटवर होता, डोकं मागे टेकलेलं. मागच्या सीटवर तुटलेला शाफ्ट. आणि त्या शाफ्टचं काम थोड्याच दिवसांपूर्वी हर्षलनं केलं होतं. तुम्ही ह्याला ते जोडलं. मला पुढचं माहीत नसतं तर मीही जोडलं असतं.

आधी हर्षलनं काय काम केलं ते ऐका. शाफ्ट चिवचिवत होता तो वसंताला ऐकू येत नव्हता, कारण हा गाडीत बसला की स्वतःच बोलत असायचा. पोरानं ओळखलं. जीप माझ्या शेडमध्ये आणली आणि म्हणाला, "काका, तुम्ही हात लावायचा नाही. मी करतो." मी स्टुलावर बसलो, वसंता माझ्या शेजारी. हर्षलनं शाफ्टचे दोन भाग वेगळे करायच्या आधी बायकोच्या नेलपॉलिशनं दोन्हींवर खूण केली. का? ते भाग एकमेकांत सरकणारे असतात. परत जोडताना उलटसुलट बसले तर दोन्ही टोकं एका तालात फिरत नाहीत, गाडी थरथरते, नवा क्रॉससुद्धा लवकर खलास होतो. भलेभले इथे चुकतात. वसंता म्हणाला, "नेलपॉलिश? लगीन लागतंय का रे भो शाफ्टचं?" पोरगा हसला नाही. त्याचं लक्ष कामात होतं.

क्रॉस त्यानं हातोडीनं ठोकून घातला नाही, वाइसच्या शिकंज्यात दाबून बसवला. चारी तोंडांतून ग्रीस बाहेर येईपर्यंत ग्रीसगन सोडली नाही. मग शाफ्टच्या खालून लोखंडाचं एक कडं गाडीच्या सांगाड्याला वेल्ड करून घेतलं. शाफ्ट कधी तुटलाच तर खाली पडून रस्त्यात रुतू नये, गाडी पलटू नये म्हणून. ते कोणी सांगितलं नव्हतं त्याला. दोस्त लोक म्हणत होते, जीप उंच करून घे, मस्त दिसेल. तो मला विचारायला आला. मी म्हटलं, उंच केलीस की शाफ्ट जास्त वाकून फिरेल, जॉइंट टिकणार नाही. त्यानं तो विषय तिथेच सोडला. आजकालचं कोणतं पोर असं ऐकतं?

मंडळी, मला खोट काढायची खोड आहे. मिलमधले लोक त्यापायी मला काय काय म्हणायचे ते इथे बोलण्यासारखं नाही. मी गाडीखाली झोपून ते काम तपासलं. मला खोट सापडली नाही.

आता त्या दिवसाचं. दुपारी माझा फोन वाजला. वसंता. आवाज एकदम खुशीत.

"फिटर भो, एक काम झालं रे."

मी म्हटलं, काय मोडलंस?

म्हणाला, नाल्याच्या रेतीत एक पिकअप फसली होती. केळीनं भरलेली. पुढे ट्रक थांबलेला, तो निघायच्या घाईत, आणि इकडे ऊन असं की घड काळे पडतील. वसंतानं दोर बांधला. हळू ओढून पाहिलं. पिकअप जागची हलेना.

मी विचारलं, "मग?"

"मग काय? दोर ढिला सोडला आणि दिला एक झटका."

मी ओरडलो. अहो, किती वेळा सांगितलं होतं मी त्याला! दोर आधी ताणून घ्यायचा, मग हळूहळू भार द्यायचा. झटका दिला की सगळ्या गाडीचा जोर एका क्षणात शाफ्टवर येतो. तिथे नवं काय आणि जुनं काय, कोणाचाही शाफ्ट तुटेल. मी तापलो आणि हा हसतोय.

"माहीत आहे ना रे. पण पिकअप निघाली ना बाहेर! त्या पोराचं तोंड बघायला पाहिजे होतं तू. आणि मग आपल्या खालून आवाज आला, कडाड."

मी विचारलं, "शाफ्ट खाली पडला?"

"नाही पडला! ते हर्षलचं कडं आहे ना, त्यात लोंबकळत राहिला. खाली झोपलो, काढला, मागच्या सीटवर टाकला. पुढची चाकं जोडली आणि निघालो. आता जीप पुढच्याच चाकांवर चालवतोय. बोल!"

फोर व्हील गाडीत ते करता येतं. मागचा शाफ्ट काढून टाकायचा, पुढच्या चाकांचा लिव्हर ओढायचा, पुढची चाकं गाडी घरी नेतात. मीच शिकवलं होतं त्याला. आणि तो मलाच ते असं सांगत होता, की जणू त्यानंच शोधून काढलंय.

मग एकदम आवाज खाली करून म्हणाला, "एक ऐक. मी झटका दिला ते हर्षलला सांगू नको. लई मन लावून काम केलंय त्यानं. त्याला वाटेल, पप्पांना कदरच नाही. सांगू, जुना पार्ट होता, गेला. तुला शपथ आहे माझी."

मी म्हटलं, "नाही सांगत. आता गपचूप घरी जा आणि पाणी पी."

"जातो रे," म्हणाला. एवढंच. आमचं ते शेवटचं बोलणं.

नंतर जीप माझ्याकडे आणली. तो शाफ्ट मी हातात घेतला. मंडळी, हर्षलनं घातलेला क्रॉस आजही बोटानं फिरतो. आतलं ग्रीस ओलं आहे. सुकलेल्या जॉइंटमधून लाल भुकटी निघते, तिचा इथे कण नाही. खुणेला खूण जुळलेली आहे. तुटलाय तो क्रॉसला धरणारा कान. शाफ्टचाच जुना भाग, वसंताच्या वडिलांच्या वेळचा. आणि तुटलेल्या जागी लोखंड आतून चकचकीत आहे. आधीपासून चीर असती तर तिथे गंज दिसला असता. एका झटक्यात गेलंय ते. माझ्या पिशवीत आहे तो तुकडा. ज्याला शंका असेल त्यानं सभा संपल्यावर माझ्याकडे यावं. हातात घेऊन बघावं. आणि मग ते वाक्य माझ्या तोंडावर परत बोलून दाखवावं.

वहिनी, त्याच्या दुखण्याबद्दल बोलू का? बोलतो. डॉक्टरांनी वसंताला कधीचं सांगून ठेवलं होतं, छातीची तपासणी करून घ्या. हा म्हणायचा, कापणी होऊ दे. कापणी झाली की म्हणायचा, लागवड होऊ दे. गोळ्या शर्टाच्या खिशात ठेवायचा, कोणी विचारलं की खिसा वाजवून दाखवायचा. उन्हात गाडीखाली झोपून शाफ्ट काढला, त्यानं दमला असेल का? असेल. मी डॉक्टर नाही, आणि त्याच्या फोटोसमोर उभा राहून खोटं बोलणार नाही. पण झटका कोणी दिला? वसंतानं. गोळ्या कोणी टाळल्या? वसंतानं. पोरानं काय केलं? पोरानं कडं बसवलं, म्हणून शाफ्ट रुतून जीप त्या नाल्यात पलटली नाही. आपला माणूस झाडाच्या सावलीत, आपल्या सीटवर, डोकं टेकून गेला. ते ह्या पोरानं दिलं बापाला.

आणि तो पिकअपवाला भाऊ इथे आला असेल तर त्यालाही सांगतो. तू मनाला लावून घेऊ नकोस, बाबा. तू नको म्हटलं असतंस तरी त्यानं दोर बांधलाच असता. त्याला थांबवणं आम्हाला कोणालाच कधी जमलं नाही.

वसंता, तुझी शपथ मोडली मी. चारचौघांत मोडली. तू असतास तर माझ्याशी बोलणं टाकलं असतंस आणि दुसऱ्या दिवशी स्टुलावर येऊन बसला असतास. पोराचं मन दुखू नये म्हणून तू ती शपथ घातली होतीस. त्याच पोरासाठी मला ती मोडावी लागली. तू मला हे माफ करशील. नाही केलंस तरी चालेल.

मंडळी, आता उभे राहू या. नाही, थांबा, मौन अजून सुरू करायचं नाही. दाराजवळ बसलेल्यांनी जरा बाजूला व्हा. वाट मोकळी करा. ज्यांच्या तोंडून ते वाक्य गेलं असेल त्यांनी आधी सरका.

हर्षल, ये बेटा. आत ये. आम्ही सगळे थांबलोय. घाई करू नको, हळू ये. इकडे, आईच्या शेजारी.

वहिनी, त्याचा हात धरा.

हं. आता वसंतासाठी शांत राहू या.