ओलं गोणपाट

जळगावच्या माणसानं नाशिकच्या उन्हाला हसू नये, एवढं माझं ऐका. मे महिन्यात बहिणीकडे गेलो होतो. ती म्हणाली, "दादा, टोपी तरी घाल." मी म्हटलं, "तुमचं ऊन म्हणजे आमचा हिवाळा!" आणि उघड्या डोक्यानं भाजीबाजारात गेलो.

एका मावशींनी ओल्या गोणपाटाखाली कोथिंबीर झाकून ठेवली होती. तरी घासाघीस करायच्या सवयीनं मी म्हणालो, "मावशी, सुकलीय की हो सगळी."

"सुकली? हात लावून बघा. पहाटं काढलीय वावरातून."

मी वाकलो आणि डोळ्यांपुढे अंधारीच आली.

शुद्धीवर आलो तेव्हा मावशींची छत्री माझ्यावर होती, डोक्याला काहीतरी गार लागत होतं आणि त्या माझ्या नाकाशी फोडलेला कांदा धरून बसल्या होत्या.

"गाव कोणतं, भाऊ?"

"जळगाव," मी कसंबसं म्हटलं. त्या हसल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

उठून बसलो, तर डोक्यावरचं ओलं गोणपाट मांडीत पडलं. शेजारी उघडी कोथिंबीर उन्हात मान टाकून पडली होती.

मावशी म्हणाल्या, "हां, आता म्हणा सुकलीय."