दवंडी झाली अन् मोठीमाय बोलली

माणूस किती सच्चा असावा म्हणता? आमच्या मोठीमायचं ऐका, बापाच्या थोरल्या भावजयीचं.

निजामाचं राज होतं. साखरा गावातलं आमचं घर एका सावकाराकडं गहाण होतं. तिथून सोडवून, कमी व्याजानं वसमतच्या करीमशेठकडं ठेवायचं बापानं ठरवलं. करीमशेठनं आधी गावात दवंडी पिटवली, 'या घरावर कुणाचा हक्क असंल तर बोला!'

विधवा मोठीमाय पिठाचे हात घेऊन ओसरीवर आली. 'माझा हाय. सासऱ्यावर दावा जिंकले मी. अर्धं घर माझं, कोर्टाचा फैसला हाय. भावजी, तुमी तवा लेकरू होते.'

बापानं विचारलं, 'वैनी, इतकी वर्षं बोलल्या काहून न्हाई?'

'तुमी कधी परकं केलं न्हाई, बोलू कशाला? पण आज इचारलंय. आता गप बसले तर खोटं होईल.'

करीमशेठ उठून उभेच राहिले. म्हणाले, 'ही बाई गहाणखतावर अंगठा देत असंल, तर मला दुसरा जामीन नको.'