सल्ला पाळत नाही

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावर बसलेले आपल्या दवाखान्याचे मुख्य डॉक्टर, माझ्या परिचारिका मैत्रिणी, आणि कधी ना कधी नाइलाजाने माझ्या वजनकाट्यावर उभे राहिलेले समोरचे सगळेजण, सर्वांना माझा नमस्कार.

आत्ताच मानपत्र वाचलं गेलं. ‘बाईंनी तेवीस वर्षं लठ्ठ रुग्णांना शिस्त लावली.’ टाळ्याही झाल्या. आपल्या प्रेमाची मी ऋणी आहे, पण हे वाक्य मला मान्य नाही. का नाही, ते सांगते.

मी आहारतज्ज्ञ. कपड्यांच्या कारखान्यात इस्त्री करणाऱ्या एक ताई माझ्याकडे यायच्या. वजन ब्याण्णव किलो, साखर वाढलेली, गुडघे दुखरे. दर महिन्याला मी तोच कागद द्यायचे: रोज चाळीस मिनिटं चाला, दर तीन तासांनी थोडं थोडं खा, भरपूर पाणी प्या, सात तास झोपा. आणि दर महिन्याला काटा ब्याण्णववर. मी कार्डावर लाल शाईने लिहायचे, ‘सल्ला पाळत नाही.’ असं सात वेळा लिहिलं. आठव्यांदा त्यांनी विचारलं, “बाई, काय लिहिताय?” मी वाचून दाखवलं. त्या रडल्या नाहीत, चिडल्या नाहीत. म्हणाल्या, “एक दिवस माझ्याबरोबर या. मग काय ते लिहा.”

मी गेले. त्यांना खोटं पाडायलाच गेले, आता लपवून काय उपयोग?

आरोग्य तपासणी म्हटल्यावर सुपरवायझरने आत सोडलं. इस्त्रीच्या खोलीत वाफेने माझा चष्मा धुरकटला. दहा तास उभ्याने काम. संडासला जायचं तर चाळीस बायकांत मिळून एक लाकडी टोकन. ते हातात येईपर्यंत थांबायचं. मग पाणी कोण पिणार? जेवायला वीस मिनिटं, त्यातली सात हात धुवायच्या रांगेत गेली. डबा भराभर संपवत ताई म्हणाल्या, “दर तीन तासांनी खायचं ना? सुपरवायझरला सांगून बघा.”

सुटल्यावर चालत त्यांच्या घरी निघालो. रस्त्याला पदपथ नाही, ट्रक अगदी अंगाला घासून जातात. “गेल्या वर्षी मी चालायला लागले होते,” असं म्हणून त्यांनी बाही सरकवून खांद्यावरचा व्रण दाखवला. ट्रकचा आरसा लागला होता. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांची कूस बदलायला रात्रीतून तीनदा उठायचं.

दुसऱ्या दिवशी मी लाल शाईतलं ते वाक्य खोडलं. खाली लिहिलं, ‘सल्ला पाळायला जागाच नाही.’ आणि कुणाला न विचारता, दवाखान्याचा शिक्का मारून कारखान्याच्या मालकांना पत्र धाडलं: टोकन बंद करा, जेवणाची सुटी वाढवा.

मुख्य डॉक्टर हसतायत, कारण त्या पत्राबद्दल मला मेमो त्यांनीच दिला होता. “तुमचं काम माणसाचं वजन बघणं, कारखाना बघणं नव्हे,” असं ते म्हणाले होते. साहेब, आदर ठेवून विचारते, माणूस दिवसाचे दहा तास कारखान्यात असेल, तर त्याचं वजन मी कुठे बघायचं?

मेमोला मी उत्तर दिलं नाही. पत्राची प्रत ताईंना दिली. त्यांनी ती इस्त्रीच्या खोलीत मोठ्याने वाचली आणि चाळीस जणींनी इस्त्र्या खाली ठेवल्या. चार दिवस. उलट बोलतात म्हणून ताईंची दुसऱ्या विभागात बदली झाली. पण टोकन गेलं, आणि जेवणाची सुटी चाळीस मिनिटांची झाली.

ताईंचं वजन आज एकोणनव्वद आहे. तीनच किलो उतरलं. मानपत्रात शोभेल असा आकडा नाही. साखर मात्र आटोक्यात आहे. त्या तिसऱ्या रांगेत बसल्यात, अर्धी रजा टाकून आल्यात. ताई, जरा उभ्या राहता? नको म्हणतायत. बसा मग, उभं राहून बरंच झालंय तुमचं.

उद्यापासून माझ्या खोलीत माझी तरुण सहकारी बसेल. तिला एवढंच सांगते, काट्यावरच्या माणसाला आधी विचार, दिवस कसा जातो. तो सांगत बसेल, बाहेर रांग वाढेल. वाढू दे.

संयोजकांचे आणि आपल्या सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर पोटात घाला. आयुष्यात एक माफी मागायची राहून गेली होती, ती ताईंची, आणि ती आज सर्वांसमोर मागते. साहेबांची मागणार नाही.