अप्पेपात्रातलं शिसं

अगं, नुसतं ऐक. इकडे अवोन्डेलच्या रविवारच्या मार्केटात बिडाचं अप्पेपात्र मिळालं, ते छातीशी धरून मी कॉफीच्या रांगेत उभी. मागे एक मराठी जोडपं.

"लिव्हरवाल्या रायफलच्या गोळ्या घरी ओत, पण त्यासाठी आईच्या अप्पेपात्रात शिसं ओतलंस?"

"उत्तरा, शिसं वितळवलं की आधी त्याच्या वड्या पाडतात. नेमबाजीच्या क्लबातला माइक मफिनच्या ट्रेमध्ये पाडतो. आपल्याकडे ट्रे कुठाय?"

"आईनं सांगलीहून विमानात मांडीवर आणलंय ते. उद्या अप्पे करणार आहे ती."

"घासून देतो ना."

"सुमेध, शिसं विष असतं. आईला कळलं तर तुझी रायफल घरात राहणार नाही, सांगून ठेवते."

"थांब. समोर बघ, त्या मुलीकडे सेम टू सेम आहे."

"हळू बोल."

"निळ्या केसांची मराठी कुठली असणार? अंडी उकडायचं भांडं म्हणून घेतलं असेल बिचारीनं. गोड बोलून काढून घेतो."

आणि खांद्यावर टकटक. एकदम गोड इंग्लिशमध्ये मला विचारतो, "एक्स्क्यूज मी, हे नक्की कशासाठी वापरतात?"

तू असतीस तर कुठल्या भाषेत उत्तर दिलं असतंस?