अहो वन्सं, ह्यांचा घसा बरा आहे

हॅलो?… हॅलो, कोण?… अहो वन्सं, तुम्ही होय! बोला ना… हो, मीच बोलतेय. ह्यांचा फोन घरातच राहिलाय, वाजला म्हणून उचलला.

काय?… घसा? अहो, घसा ठणठणीत आहे ह्यांचा… नाही, तापही नाही… वन्सं, एक मिनिट. काल तुमच्याशी कुजबुजत बोलले म्हणून?… अगंबाई! आणि तेवढ्यावरून तुम्ही एवढा घोर लावून घेतलात?

नाही हो, लपवत काही नाहीये. शपथ घेऊ का?… ऐका तर. त्यांच्या पायावर कुत्री झोपली होती… कुत्री, कुत्री! पावलावर डोकं टाकून गाढ झोपली होती. ती उठू नये म्हणून कुजबुजत होते. एवढंच.

हसा. हसा तुम्ही… तुमचा भाऊ आणि कुजबुज, माझाही विश्वास बसला नसता. लग्नानंतर पहिल्यांदा ह्यांनी मला हाक मारली तेव्हा माझ्या हातातलं भांडं पडलं होतं. आणि शेजारच्या बाई त्यांच्या घरातून "ओ" म्हणाल्या होत्या!… हो ना. तीस वर्षं पत्र्याच्या टाक्यांच्या कारखान्यात फोरमन. हातोड्यांच्या वरताण बोलायची सवय, ती काय निवृत्त होणार आहे?

आत्ता?… आत्ता खाली आहेत दोघं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघतेय. आज पहिल्यांदा तिला फाटकाबाहेर न्यायचं चाललंय… छे, नेलं कुठे अजून! अर्धा तास झाला. फाटक सताड उघडं, हे बाहेर फुटपाथवर मांडी घालून बसलेत, आणि ती आत. पुढचे दोन पाय अगदी फाटकाच्या रेषेवर. पट्टा आहे, पण सैल सोडलेला. ओढायचं नाही असं ह्यांनी ठरवलंय… हो, येणारे-जाणारे बघतात ना. बघू देत.

तुम्हाला सांगितलंच नाही मी सगळं. तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं ना, त्याच आठवड्यात आली ती. तेव्हा तुम्हाला कुठे कुत्र्याचं पुराण सांगत बसायचं… तीन महिने झाले की.

हौस माझीच. हे म्हणाले, आण बापडी, मला काय. कुत्र्यांच्या निवाऱ्यातल्या मॅडमनी आधीच सांगितलं होतं, ही फार घाबरट आहे, बंद पडलेल्या गोदामात साखळीला बांधलेली सापडली. महिनाभर पाहुणी म्हणून न्या, जमलं तर ठेवा. म्हणून ह्यांनी नावच पाडलं पाहुणी… तपकिरी, अंगानं बारीक. एक कान फाटलेला.

अहो, आली ती थेट वॉशिंग मशीनच्या मागे. भिंत आणि मशीन, मध्ये वीतभर जागा. तिथे कशी मावली देव जाणे! दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी खाल्लं, ते हे झोपल्यावर. माझ्याकडे निदान बघायची तरी. पण ह्यांचं पाऊल वाजलं की थरथर, थरथर. आणि हे आपले प्रेमानं जाणार, वाकणार आणि म्हणणार, "ये गं ये! ये की बाहेर!"… हो ना, त्यांच्या आवाजात! तिला जागच्या जागी लघवी व्हायची हो.

त्यांना फार लागलं ते. जेवणावरची वासना गेली. मला म्हणाले, "मी काय केलं गं तिला?"

नवव्या दिवशी त्या मॅडम आल्या बघायला. बघितलं आणि म्हणाल्या, "काका, वाईट वाटून घेऊ नका. तिला तुमच्या आवाजाची भीती वाटते. शांत घर बघते मी तिच्यासाठी." आणि हे म्हणतात कसे, "मी कुठे ओरडतोय?"… अहो, खिडकीची तावदानं थरथरली!

हसू नका वन्सं, पुढचं ऐका… त्या बाईंना हसू आवरेना, मला रडू. गाडीतून पिंजरा काढायलाच निघाल्या होत्या त्या. हे एकदम म्हणाले, "पंधरा दिवस द्या मला." बस.

थांबा हं… नाही, काही नाही, सायकलवाला गेला. ती दोन पावलं मागे सरली. हे जागचे हलले नाहीत… परत आली रेषेवर. शाबास… तिला म्हटलं हो, तुम्हाला नाही!

तर संध्याकाळी ह्यांनी कपाटाचा खालचा कप्पा उघडला आणि ते कानाचं मशीन काढलं… तेच! पोरानं चार वर्षांपूर्वी आणून दिलेलं. चार वर्षं मी डोकं फोडलं, अहो लावा, डावा कान गेलाय तुमचा, उजवाही त्याच वाटेवर आहे. पालथ्या घड्यावर पाणी! "मी काय म्हातारा झालोय?" आणि त्या मुक्या जनावरासाठी पाच मिनिटांत कानात. मला तर आधी रागच आला… सवतीचा वगैरे नाही हो, काहीतरीच तुमचं!

कानात बसवलं आणि म्हणाले, "चहा टाक." एवढंच. आणि माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "मी असाच बोलतो?" मी म्हटलं, आज जरा हळूच बोललात.

मग खाटेवर बसून राहिले. चहा निवून गेला.

वन्सं… एक सांगू?… रागावणार नाही ना?… सांगावं की नाही, मला कळत नाहीये. ते म्हणाले, "हा माझा आवाज नाही गं. हा आमच्या बाबांचा आवाज आहे."

…हं.

मग म्हणाले, संध्याकाळी बाबांची सायकल भिंतीला लागल्याचा आवाज आला की ताई मला घेऊन पलंगाखाली जायची. माझे कान आपल्या दोन्ही हातांनी झाकून धरायची. तिचे तसेच उघडे.

हॅलो?… वन्सं?… आहात ना?…

…नाही, मला काहीच माहीत नव्हतं. पस्तीस वर्षांत कधी तोंडातून काढलं नाही त्यांनी… हो. हो, हेही तेच म्हणाले, मारलं कधीच नाही. फक्त आवाज… अहो, वाईट माणूस असं कोण म्हणतंय? मलाही लाडानंच वागवलं मामंजींनी… पाणी प्या थोडं. मी आहे इथेच.

प्यालात?… बरं.

मग बघा, दुसऱ्या दिवसापासून ह्यांनी घर हातात घेतलं. जन्म गेला पत्र्यात, कुठली वस्तू का वाजते हे ह्यांना बरोबर कळतं. खुर्च्यांच्या पायांना जाड लोकरीचा नमदा चिकटवला. कड्या-कोयंड्यांना रबर. भांड्यांच्या मांडणीत सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून घातल्या. बादलीच्या कडीलासुद्धा कापड गुंडाळलं! आणि फरशीवरून तिचे पाय घसरतात हे मी रोज बघत होते, पण त्यामुळे ती जास्त घाबरते हे मला सुचलं नाही. ह्यांना सुचलं. जुन्या सतरंजीचे तुकडे कापले आणि वॉशिंग मशीनपासून मागच्या दारापर्यंत वाट करून दिली तिला.

आणि तिच्याकडे जायचं बंद. बघायचंसुद्धा नाही. रोज सकाळी मशीनजवळच्या बोळात जमिनीवर बसायचे, तिच्याकडे पाठ करून, आणि पेपर वाचायचे… मोठ्यानं नाही हो, हळू! आधी जमेना. दोन ओळी झाल्या की आवाज चढायचा. मग स्वतःच कानाला हात लावायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. छोट्या जाहिराती वाचून दाखवायचे तिला. जुना फ्रीज विकणे आहे, हे असलं. मधेच खाण्याचा एक तुकडा मागे सरकवायचा, न बघता.

पंधराव्या दिवशी मॅडम आल्या. पाहुणी काही बाहेर आली नाही. पण हे तिथे बसलेले असताना तिनं ताटलीतलं सगळं खाल्लं. मॅडम दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "काका, पिंजरा आणलाच नाही मी आज." हे बाथरूममध्ये गेले आणि बराच वेळ नळ सोडून ठेवला.

अहो कसलं, सगळं सुरळीत कुठे? गेल्या महिन्यात माझ्याच हातून झाकण पडलं पातेल्याचं. माझ्याच, त्यांच्या नाही! ती पुन्हा मशीनमागे, तीन दिवस. मी रडकुंडीला आले, वाटलं आता हे चिडणार. तर म्हणतात, "काही बिघडत नाही, पुन्हा सुरुवात करू." मग मलाच समजावलं. म्हणाले, सगळे आवाज बंद करून तिचा जन्म कसा जाईल? नव्या कामगाराला पहिल्या दिवशी मोठा हातोडा देतात का? तसंच हे. मग तेच झाकण घेतलं, दुसऱ्या खोलीत बसून चमच्यानं हलकेच एकदा वाजवलं, मी इकडे तिला तुकडा दिला. पुन्हा टिंग, पुन्हा तुकडा. दहा-बारा दिवसांनी आवाज जरा मोठा, मग त्याच खोलीत… आता झाकण काढलं की ती धावत येते, खायला मिळणार म्हणून! खरंच सांगते.

आणि पहिल्यांदा जवळ आली तो दिवस ऐका. हे असेच पाठ करून बसलेले. ती सतरंजीवरून सरपटत आली आणि ह्यांच्या बाहीचा वास घ्यायला लागली. हे दगडासारखे. पाऊण तास, वन्सं! पायाला मुंग्या, दारात सुतार आलेला, डॉक्टरकडची वेळ निघून गेली. मला नुसते डोळ्यांनी खुणावत होते, त्या सुताराला जायला सांग म्हणून. आणि चेहरा कसा… कसं सांगू तुम्हाला. पोराला पहिल्यांदा मांडीवर घेतलं होतं ना, अगदी तसा.

मी तर म्हणते, पस्तीस वर्षं संसार केला ह्यांच्याबरोबर, पण हा माणूस मला आता भेटला. साठी उलटल्यावर कोण स्वतःला असं खाली बसवतं हो? आपण म्हणतो, जाऊ दे, स्वभावाला औषध नाही. ह्यांनी म्हटलं नाही.

काय?… रविवारी? खरंच याल?… अहो, विचारता काय, घर तुमचंच आहे! फक्त एक करायचं. आल्या-आल्या तिच्याकडे बघायचं नाही, हात पुढे करायचा नाही. जमिनीवर बसायचं आणि… अय्या, गुडघा! नाही नाही, खुर्ची ठेवते तुम्हाला. कोपऱ्यात बसा आणि आमच्याशी बोला. तिला वाटलं तर येईल ती… बोला हो नेहमीसारखं, तुम्ही कुठे ओरडता!

हो, सांगते त्यांना तुमचा फोन… नाही, ते पलंगाखालचं तुम्हाला सांगितलं हे मी सांगू का त्यांना?… बरं. तुम्हीच बोला मग. ते बरं.

अगंबाई!… हॅलो, नाही, तुमच्याकडे नाही, इकडे! समोरच्या दुकानाचं शटर पडलं धाडकन. मेल्यांना आत्ताच पाडायचं होतं!… थांबा, थांबा. ती जमिनीला चिकटली हो. पार सपाट. गेलं, आता सगळं पाण्यात, आता घरात पळणार ती, पुन्हा मशीनमागे… वन्सं, मला बघवत नाही…

नाही, हे हलले नाहीत. बसूनच आहेत. हाकही नाही मारली. तोंड दुसरीकडे, फक्त हात जमिनीवर उघडा ठेवलाय…

उठली. उठली ती… अहो!… अहो वन्सं, घरात नाही! बाहेर गेली!… बाहेर, बाहेर, फाटकातून! धावत गेली आणि ह्यांच्या काखेत डोकं खुपसलं हो! सगळं अंग थरथरतंय, मला इथून दिसतंय, पण घरात नाही पळाली. ह्यांच्याकडे गेली. घाबरली आणि ह्यांच्याकडे गेली!

…रडतेय का मी? मग तुम्ही काय करताय?

हो, आता त्यांनी हात ठेवलाय तिच्या पाठीवर. हळूच… ओठ हलतायत. काहीतरी बोलतायत तिच्याशी… काय ते कसं सांगू? समोरचा दुकानदार त्यांच्याजवळ येऊन वाकून उभा आहे, त्यालासुद्धा ऐकू येत नसेल.

नाही, हाक मारत नाही मी. इथूनच बघते… हो. या तुम्ही रविवारी… हो, ठेवते. ठेवते हं.