बाद ठरवलेली हार्डडिस्क

(कराडमधील लॅपटॉप-दुरुस्तीचे दुकान. टेबलावर रुमालाची सोडलेली गाठ.)

सिद्धू : आवं मेजर, ही हार्डडिस्क हाय का खुळखुळा? हिच्यावरनं ट्रॅक्टर गेला का काय?

मानसिंग : ट्रॅक्टर नव्हे, घण. मी स्वतः तीन घाव घातले.

सिद्धू : तुमी? आन ते कशापायी?

मानसिंग : सिद्धनाथ, मी लष्करात बावीस वर्षे भांडार सांभाळले. नवी वस्तू हाती आली की जुनी बाद ठरवावी आणि कुणाच्याही उपयोगी पडणार नाही अशा प्रकारे नष्ट करावी, हा आमचा शिरस्ता. रीतसर कागद केला. साक्षीदार म्हणून आमच्या सौभाग्यवती शालूबाईंची सही घेतली.

सिद्धू : काकींची सही! आवं, परवा काय सांगितलं हुतं मी? नवी एसएसडी डिस्क बसवलीय, रॅम चारची सोळा केलीय, पर लेकीचं सगळं काम अजून जुन्या डिस्कवरच हाय. तुमची वडूजची एसटी सुटत हुती म्हणून पिशवीत घालून दिली. लेकीकडं द्या म्हणलो हुतो.

मानसिंग : आपण भराभर बोललात, मी मान डोलावली. मला वाटले, गाडीला नवे इंजिन बसवले तरी आतील माणसे आपापल्या जागी बसलेलीच असतात.

सिद्धू : इंजिन न्हवं मेजर, मी डबाच बदलला!

मानसिंग : मग... हिच्यातून आता काहीच निघणार नाही?

सिद्धू : पुण्याला न्या न्हाईतर दिल्लीला. ह्या भुग्यातनं एक अक्षर निघायचं न्हाई. हुतं तरी काय?

मानसिंग : कोरडवाहू ज्वारीवरील तिचा प्रबंध. तीन हंगामांच्या नोंदी. सोमवारी विद्यापीठात सादर करायचा आहे. लॅपटॉप काल तिच्या खोलीवर पोचता केला; सकाळी तिथून, विश्रामबागेतून, तिने फोन केला. म्हणाली, लॅपटॉप आता दहा सेकंदांत सुरू होतो, फक्त माझ्या फाईली दिसत नाहीत, जुनी डिस्क सिद्धूकडे न्या. तिला अद्याप हे ठाऊक नाही.

सिद्धू : आयला! ऐका, डिस्क आधीच मेली हुती म्हणा. मी बी व्हय म्हणतो. लॅपटॉप लय जुना, कुणाला संशय यायचा न्हाई.

मानसिंग : फोन वाजतो आहे. तिचाच.

सिद्धू : ध्यानात ठेवा, आधीच मेली हुती!

क्रांती (फोनवर) : पप्पा, पोचला का? निघतंय ना सगळं?

मानसिंग : क्रांती, सिद्धनाथ म्हणतात की डिस्क आधीपासूनच... नाही. ती चांगली होती. मी ती घणाने फोडली.

क्रांती : काय?

मानसिंग : बाद झाली असे समजलो. तुला एका शब्दाने विचारले नाही.

क्रांती : पहिलं प्रकरण तेवढं सरांकडं हाय. बाकी... तीन वर्षं हुती त्यात, पप्पा.

मानसिंग : होय.

क्रांती : तुमच्या हाताला लागलं न्हाई ना? आत काचेची चकती असती.